फसवी शुद्ध : डोक्याचा मुका मार आणि आतला रक्तस्राव

१६ मार्च २००९ चा दिवस. कॅनडातील क्यूबेक प्रांतात मों त्रांब्लां नावाचे बर्फाळ डोंगरांचे सहलीचे ठिकाण आहे. तेथे नवशिक्यांसाठी राखून ठेवलेल्या सौम्य उतारावर पंचेचाळीस वर्षांची एक स्त्री प्रशिक्षकाकडून स्कीइंगचे धडे घेत होती. धडा संपता संपता तिचा तोल गेला आणि ती बर्फावर पडली. डोक्याला मार लागला. पण जखम नाही, रक्ताचा थेंब नाही. ती उठली, बोलू लागली, थट्टामस्करीही करू लागली. बोलावलेली रुग्णवाहिका दाराशी येऊन तशीच परत गेली, कारण ‘मला काही झालेले नाही’ असे तिचे स्वतःचेच म्हणणे होते. सुमारे तासाभराने हॉटेलच्या खोलीत तिचे डोके दुखू लागले. दुसरी रुग्णवाहिका आली. जवळचे रुग्णालय, तेथून माँट्रियलचे मोठे रुग्णालय आणि दुसऱ्या दिवशी विमानाने न्यूयॉर्क असा तिचा प्रवास झाला. १८ मार्च रोजी तिची प्राणज्योत मालवली.

ही स्त्री म्हणजे प्रसिद्ध इंग्लिश अभिनेत्री नताशा रिचर्डसन. व्हनेसा रेडग्रेव्ह यांची ती कन्या आणि ‘शिंडलर्स लिस्ट’ या चित्रपटामुळे जगाला परिचित झालेले लिआम नीसन यांची पत्नी. शवचिकित्सेच्या अहवालात मृत्यूचे कारण दोनच शब्दांत नमूद झाले : ‘एपिड्युरल हिमॅटोमा’. डोक्यावरील मुक्या माराने झालेला, कवटीच्या आतला रक्तस्राव.

रुग्णालयाच्या कागदांवर असे शब्द वाचून कुटुंबीय गोंधळून जातात. एपिड्युरल, सबड्युरल, सबअॅरॅक्नॉइड हे सारे शब्द कानाला सारखेच वाटतात. मात्र प्रत्येक शब्द रक्त नेमके कोठे साचले आहे याचा पत्ता सांगतो, आणि त्या पत्त्यावरच उपचाराची निकड, पद्धत व बरे होण्याची आशा पुष्कळशी अवलंबून असते. म्हणून हे शब्द सामान्य वाचकानेही एकदा समजून घेणे हिताचे आहे.

तिजोरी आणि तिच्यातील तीन वस्त्रे

प्रौढ माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅम वजनाचा, लोण्यासारखा मऊ अवयव. निसर्गाने तो कवटीच्या हाडांच्या तिजोरीत ठेवला आणि त्याभोवती तीन आवरणे गुंडाळली. हाडाला आतून चिकटलेले, जाड व चिवट असे पहिले आवरण म्हणजे ‘ड्युरा मेटर’. त्याखाली कोळ्याच्या जाळ्यासारखे तलम ‘अॅरॅक्नॉइड’. सर्वांत आत, मेंदूच्या प्रत्येक घडीला बिलगलेले नाजूक ‘पिया मेटर’. दुसऱ्या व तिसऱ्या आवरणांच्या मध्ये पाण्यासारखा नितळ द्रव वाहत असतो. मेंदू त्यात जणू तरंगत असतो. एका वेळी हा द्रव साधारण दीडशे मिलिलीटर असतो. परंतु शरीर दिवसाकाठी सुमारे पाचशे मिलिलीटर द्रव नव्याने तयार करते आणि जुना शोषून घेते.

‘मेटर’ या लॅटिन शब्दाचा अर्थ माता. मध्ययुगीन अरबी वैद्यांनी या आवरणांना मातेची उपमा दिली होती. बाराव्या शतकात त्यांचे ग्रंथ लॅटिनमध्ये उतरवले गेले तेव्हा ती उपमाही शब्दशः उतरली. ड्युरा मेटर म्हणजे कठोर माता आणि पिया मेटर म्हणजे कोमल माता. ग्रीक भाषेत ‘एपि’ म्हणजे वर, तर लॅटिनमध्ये ‘सब’ म्हणजे खाली. एवढी गुरुकिल्ली हाती आली की अर्धे शब्द आपोआप उलगडतात. कठोर मातेच्या वर, म्हणजे हाड आणि ड्युरा यांच्यामध्ये साचलेले रक्त ते एपिड्युरल. यालाच एक्स्ट्राड्युरल असेही म्हणतात. ड्युराच्या खाली साचलेले ते सबड्युरल. जाळ्याच्या खाली पसरलेले ते सबअॅरॅक्नॉइड. प्रत्यक्ष मेंदूच्या गाभ्यात फुटलेले ते इंट्रासेरेब्रल. ‘हिमॅटोमा’ म्हणजे साचून गोठलेले रक्त, ज्याला घरगुती भाषेत रक्ताची गाठ म्हणतात.

कानशिलामागची धमनी

कवटीचे हाड सर्वत्र सारख्या जाडीचे नसते. कानशिलापाशी ते सर्वांत पातळ असते, आणि नेमक्या त्याच जागी हाडाच्या आतल्या बाजूस एका खोबणीतून ड्युराला रक्त पुरवणारी धमनी गेलेली असते. तेथे मार बसला की हाडाला बारीक चीर पडते आणि धमनी फाटते. एपिड्युरल रक्तस्रावाची बहुतांश उदाहरणे अशीच घडतात. धमनीतले रक्त हृदयाच्या दाबाने उसळत असल्यामुळे ते हाडाला चिकटलेल्या ड्युराला हळूहळू सोलून काढते आणि स्वतःसाठी जागा करून घेते.

कवटी ही बंद तिजोरी आहे. तिच्यात मेंदू, रक्त आणि द्रव या तीनच गोष्टी असतात आणि त्यांची बेरीज कायम तीच राहावी लागते. ताळेबंदात एक बाजू वाढली की दुसरीकडे तेवढीच वजावट व्हावी, तसा हा हिशेब. रक्ताची गाठ वाढू लागली की आरंभी द्रव व शिरांतले रक्त बाहेर सरकून जागा करून देते. या काळात माणूस बोलतो, चालतो, चहा घेतो. ही शिल्लक संपली की मात्र आतील दाब झपाट्याने चढतो. मेंदू एका बाजूला ढकलला जातो, डोळ्याची एक बाहुली मोठी होते, विरुद्ध बाजूचे हातपाय लुळे पडू लागतात आणि अखेरीस श्वास चालवणारे केंद्र दाबले जाते.

मार बसल्यानंतरची क्षणिक बेशुद्धी आणि नंतरची गाढ बेशुद्धी यांच्यामधल्या या बऱ्या काळाला वैद्यकशास्त्रात ‘ल्युसिड इंटरव्हल’ म्हणतात. मराठीत त्याला ‘फसवी शुद्ध’ म्हणता येईल. तो काही मिनिटांचा असतो, तसाच काही तासांचाही असू शकतो. प्रत्येक रुग्णात तो दिसतोच असे नाही. पण जेथे दिसतो, तेथे रुग्ण व नातेवाईक दोघेही गाफील राहतात. क्यूबेकमधील त्या दुपारी रुग्णवाहिका परत गेली ती याच काळात.

या आजाराची दुसरी बाजू मात्र आशादायक आहे. एपिड्युरल रक्तस्रावात मेंदूला प्रत्यक्ष इजा पुष्कळदा फारशी झालेली नसते. तो केवळ बाहेरून दाबला गेलेला असतो. वेळेत कवटी उघडून गाठ काढली आणि धमनी बंद केली, तर मरणाच्या दारात गेलेला रुग्ण पूर्ववत घरी परततो. म्हणूनच येथे औषधापेक्षाही घड्याळाला महत्त्व आहे.

इतर तीन पत्ते

सबड्युरल रक्तस्रावात सहसा धमनी फाटत नाही, तर मेंदूपासून ड्युराकडे जाणाऱ्या बारीक शिरा तुटतात. शिरांतला दाब कमी असल्यामुळे रक्त संथपणे झिरपू शकते. मोठ्या अपघातात हा प्रकार तात्काळ व भीषण रूप घेतो. वृद्धांमध्ये त्याचे एक निराळे, चोरपावली येणारे रूप आढळते. वयानुसार मेंदू किंचित आकसतो, या शिरा ताणल्या जातात, आणि न्हाणीघरात पाय घसरण्यासारख्या किरकोळ निमित्तानेही त्या तुटतात. त्या दिवशी काहीच होत नाही. दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, आजोबा गोंधळल्यासारखे वागू लागतात, चालताना एक पाय ओढतात, दिवसा झोपून राहतात. ‘आता वय झाले’ म्हणून घरचे समजूत घालून घेतात. वास्तविक कवटीला लहान छिद्र पाडून साचलेले रक्त काढून टाकले की यांतील अनेक जण पुन्हा पूर्वीसारखे बोलू-चालू लागतात. स्मृतिभ्रंश समजून सोडून दिलेला आजार कधी कधी असा बरा होण्याजोगा निघतो, हे प्रत्येक कुटुंबाने ध्यानी घ्यावे. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या ज्येष्ठांत हा धोका अधिक असतो.

सबअॅरॅक्नॉइड रक्तस्राव माराने होतो, तसाच धमनीच्या भिंतीला आलेला फुगवटा आपोआप फुटल्यानेही होतो. तेव्हा वीज कोसळावी तशी क्षणार्धात परमावधीला पोहोचणारी डोकेदुखी हे त्याचे लक्षण. २५ नोव्हेंबर २०१४ रोजी सिडनीत ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूज याच्या मानेवर, हेल्मेटच्या खालच्या उघड्या भागावर चेंडू आदळला. मणक्यांलगतची धमनी फाटून रक्त मेंदूभोवती पसरले आणि दोन दिवसांनी त्याचा मृत्यू झाला.

मेंदूच्या गाभ्यातील रक्तस्रावाचे मोठे कारण म्हणजे उच्च रक्तदाब. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी तीव्र डोकेदुखीची तक्रार करता करता कोसळले आणि काही तासांत निवर्तले. त्या वेळी त्यांचा रक्तदाब ३००/१९० इतका नोंदवला गेला. रक्तदाबावर परिणामकारक औषधे तेव्हा उपलब्ध नव्हती. आज ती गल्लीतल्या औषधाच्या दुकानातही मिळतात. तरीही ‘बरे वाटते’ म्हणून गोळी बंद करणारे घरोघरी आहेत.

मैदानावरील दोन आठवणी

भारतीय क्रिकेटरसिकांच्या दोन पिढ्यांनी डोक्याच्या माराचे गांभीर्य मैदानावरच अनुभवले. १७ मार्च १९६२ रोजी बार्बाडोसमध्ये भारताचे कर्णधार नरी काँट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू आदळला. कवटी फुटली. मेंदूवरचा रक्ताचा दाब काढण्यासाठी तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली. रक्ताची गरज निर्माण झाली तेव्हा प्रतिस्पर्धी संघाचे कर्णधार फ्रँक वॉरेल रक्तदानासाठी पुढे आले. आपल्या संघातील चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी आणि पॉली उम्रीगर यांनीही रक्त दिले. काँट्रॅक्टर वाचले आणि पुढे पुन्हा प्रथम श्रेणीचे क्रिकेटही खेळले. बंगालच्या क्रिकेट संघटनेने वॉरेल यांच्या नावाने रक्तदानाचा वार्षिक उपक्रम सुरू केला, त्यामागे हीच आठवण आहे.

दुसरी आठवण मनाला चटका लावणारी आहे. २० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाका येथे क्लबच्या सामन्यात रमण लांबा फलंदाजाच्या अगदी जवळ, हेल्मेट न घालता क्षेत्ररक्षणाला उभे होते. चेंडू थेट डोक्यावर बसला. ते स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर चालत गेले. थोड्याच वेळात प्रकृती बिघडली आणि त्यांची शुद्ध हरपली. शस्त्रक्रिया करूनही २३ फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. वय अवघे अडतीस. चालत गेलेला माणूस सुखरूपच असतो, हा समज किती घातक आहे हे या घटनेने दाखवून दिले.

निदानाचे शास्त्र

काँट्रॅक्टर यांच्या काळात डॉक्टरांना कवटीच्या आत डोकावता येत नव्हते. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातील एका रुग्णालयात गॉडफ्री हौन्सफील्ड या अभियंत्याच्या यंत्राने प्रथमच रुग्णाच्या मेंदूचे काप दाखवणारे चित्र घेतले. हौन्सफील्ड नोकरीला होते ते ईएमआय या, ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कंपनीत. हेच सीटी स्कॅन. १९७९ मध्ये त्यांना अॅलन कॉर्मॅक यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. या चित्रात ताजे रक्त पांढरे दिसते. एपिड्युरल रक्तस्राव भिंगासारखा दोन्ही बाजूंनी फुगीर दिसतो, कारण ड्युरा हाडाच्या सांध्यांशी घट्ट चिकटलेली असल्याने रक्त फार दूर पसरू शकत नाही. सबड्युरल रक्त मात्र मेंदूच्या कडेने पसरून चंद्रकोरीसारखे दिसते.

कागदांवर ‘जीसीएस’ अशी आणखी एक नोंद असते. १९७४ मध्ये ग्लासगो येथील टीझडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी शुद्धीचे मोजमाप गुणांत बसवले : डोळे उघडण्यास ४, बोलण्यास ५ आणि हालचालीस ६ गुण. पूर्ण शुद्धीत १५, अगदी खालची पातळी ३. आठ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे गाढ बेशुद्धी. नातेवाइकांच्या दृष्टीने एका आकड्याइतकाच त्याचा कलही महत्त्वाचा असतो. १५ वरून १३ वर आलेला रुग्ण तातडीने पुन्हा तपासावा लागतो.

शस्त्रक्रिया कोणाची करावी याचेही निकष आहेत. एपिड्युरल गाठ ३० मिलिलीटरपेक्षा मोठी असेल, तर रुग्ण शुद्धीत असला तरी ती काढावी, असे मार्गदर्शक तत्त्व सांगते. तीस मिलिलीटर म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे. एवढेसे रक्त कवटीत किती अनर्थ करू शकते, याची कल्पना यावरून यावी. लहान गाठ असेल तर रुग्णालयात ठेवून, वारंवार तपासून, शस्त्रक्रियेविनाही ती विरघळू देता येते.

कण्यातील एपिड्युरल

‘एपिड्युरल’ हा शब्द अनेक घरांत प्रथम ऐकू येतो तो प्रसूतीच्या खोलीत. ड्युराचे आवरण कवटीत संपत नाही. ते पाठीच्या कण्यातून खाली उतरते आणि मज्जारज्जूला वेढते. कवटीत ड्युरा हाडाला चिकटलेली असते, तर कण्यात हाड व ड्युरा यांच्यामध्ये चरबी आणि शिरांनी भरलेली खरीखुरी पोकळी असते. प्रसूतिवेदना शमवण्यासाठी बारीक नळीवाटे औषध सोडतात ते याच पोकळीत. सुई ड्युरा ओलांडून आतील द्रवात गेली तर ती ‘स्पायनल’ भूल. ड्युराच्या बाहेरच थांबली तर ‘एपिड्युरल’.

याच पोकळीत क्वचित रक्तस्राव होतो : कधी माराने, कधी कण्यातील सुई वा शस्त्रक्रियेनंतर, कधी रक्त पातळ करणाऱ्या औषधांमुळे, तर कधी काहीही कारण न दिसता. लक्षणे ठळक असतात. मान किंवा पाठ एकाएकी असह्य दुखते. मागोमाग हातपायांत मुंग्या, बधिरता, पाय उचलता न येणे, लघवी अडणे किंवा शौचावरील ताबा जाणे. प्रौढांत मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या आसपास संपतो; त्याखाली मज्जातंतूंचा जुडगा लोंबतो, त्याला घोड्याच्या शेपटीची उपमा देणारे ‘कॉडा इक्वायना’ असे नाव आहे. या जुडग्यावर दाब आला तर जांघ व बैठकीचा भाग बधिर होतो. अशा वेळी तेल चोळणे, शेकणे, ‘लचक भरली असेल’ म्हणून दुसऱ्या दिवसाची वाट पाहणे महागात पडते. एमआरआयने निदान होते आणि मणक्याचा मागचा भाग उघडून रक्त काढावे लागते. हे काम जितक्या कमी तासांत होईल, तितकी पाय पुन्हा चालण्याची शक्यता अधिक.

घरात काय लक्षात ठेवावे

डोक्याला मार बसल्यावर पुढील लक्षणांपैकी एकही दिसले तर, रात्र असो की लग्नघर, थेट सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात जावे : क्षणभर तरी शुद्ध हरपणे, वाढत जाणारी डोकेदुखी, पुन्हा पुन्हा उलट्या, असंबद्ध बोलणे, न आवरणारी झोप, झटके, एका बाजूची कमजोरी, लहानमोठ्या बाहुल्या, नाक-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर लक्षणांची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी, आणि औषधाचे नाव डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

आपल्याकडे मारानंतरची उलटी पित्ताच्या खात्यावर टाकली जाते. ते करू नये. ‘डोक्याला लागलेल्याला झोपू देऊ नये’ असा आणखी एक समज आहे. झोपेने रक्तस्राव वाढत नाही. धोका असा, की झोपलेला माणूस आणि बेशुद्ध होत चाललेला माणूस वरवर सारखेच दिसतात. म्हणून पहिली रात्र त्याला एकटे ठेवू नये आणि डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे मधूनमधून जागे करून नाव, गाव, दिवस विचारावा. मनाने अॅस्पिरिनसारख्या गोळ्या देऊ नयेत. उंचावरून पडलेल्याची मान वाकवून त्याला उचलू नये. तातडीच्या शस्त्रक्रियेची शक्यता असते, म्हणून खाणेपिणेही देऊ नये. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

प्रतिबंध तर त्याहून सोपा आहे. २०२२ साली भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली आणि त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. आयएसआय चिन्हाचे हेल्मेट, त्याचा पट्टा हनुवटीखाली बांधलेला, आणि मागे बसणाऱ्याच्याही डोक्यावर, एवढी शिस्त पुरेशी आहे. घरात ज्येष्ठ असतील तर न्हाणीघरात धरायला दांडी, कोरडी फरशी व रात्रीचा लहान दिवा असावा. रस्त्यावर जखमी दिसल्यास पोलिसांच्या चौकशीच्या धाकाने पाऊल मागे घेण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालाने आणि मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे.

सर्वांत अवघड असते ते ‘मला काही झालेले नाही’ या वाक्याला उत्तर देणे. मुलांना त्रास नको, उगाच खर्च नको, या भावनेतून वडीलधारी मंडळी ते बोलतात. तरुण मंडळी अभिमानापोटी बोलतात. अशा वेळी आदर राखून, पण आग्रहाने त्यांना गाडीत बसवणे हीच खरी सेवा. स्कॅन निर्दोष निघाला तर त्यावर गेलेले पैसे वाया गेले असे कोणी समजू नये. विम्याचा हप्ता फुकट गेला म्हणून कोणी हळहळत नाही.

नताशा रिचर्डसन यांच्या मृत्यूची बातमी त्या आठवड्यात जगभर पसरली. अमेरिकेत एका घरी ती पाहणाऱ्या आईवडिलांना आठवले, की दोनच दिवसांपूर्वी आपल्या सात वर्षांच्या मुलीच्या डोक्याला खेळताना चेंडू लागला होता. टेंगूळ ओसरले होते, ती नेहमीप्रमाणे हसतखेळत होती. परंतु त्या रात्री तिचे डोके दुखू लागले होते. त्यांनी तिला तत्काळ रुग्णालयात नेले. निदान तेच निघाले : एपिड्युरल हिमॅटोमा. शस्त्रक्रिया झाली आणि काही दिवसांत मुलगी घरी परतली. तिच्या आईवडिलांनी त्या डोकेदुखीला सकाळपर्यंत थांबवले नाही.